तांबडी गाय आणि निळीची खूण

जनावराच्या तोंडात हात घालायचा तर आधी जीभ धरावी लागते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते, तिथून हात आत सरकवायचा आणि जीभ बाजूला ओढून घट्ट धरायची. जीभ आपल्या मुठीत असेपर्यंत बैल सहसा तोंड मिटत नाही, कारण मिटलं तर त्याचीच जीभ दाताखाली येते. कॉलेजात हे एका ओळीत शिकवलं होतं. अंगवळणी पडायला मात्र मंगरूळपीरच्या दवाखान्यातली दोन वर्षं आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं नख खर्ची पडलं.

एकतीस वर्षं मी जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. लोक तोंडावर 'डाक्टर' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'ढोराचा डाक्टर'. मला त्याचा राग आला नाही. माणसांच्या डॉक्टरला पेशंट सांगतो कुठे दुखतं ते. आमचा पेशंट लाथ मारतो, त्यातूनच समजून घ्यायचं. इंझोरीचे एक आजोबा मात्र दर महिन्याला यायचे आणि गाईच्या तक्रारी सांगायचे. "गाईले रातच्याले झोप नाई, डाक्टर. उठता-बसता गुडघे धरते. जेवन झालं का छातीत जळजळते." गाय कधी सोबत नसायची. मी सगळं ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, "आजोबा, ह्या गाईले माणसाच्या दवाखान्यात न्या." ते मान डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे.

मानोऱ्याजवळच्या एका गड्याची गोष्ट याहून न्यारी. बायको माहेरी गेली आणि म्हैस त्याला दूध काढू देईना. माझी औषधं झाली, वामनरावांचे, म्हणजे आमच्या परिचरांचे, मंत्र झाले, पण म्हैस पान्हा सोडेना. शेवटी त्यानेच तोड काढली. बायकोचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन तो म्हशीखाली बसला आणि चरवी भरली. म्हशीने लुगडं ओळखलं, आत कोण आहे ते पाहिलं नाही. ही गोष्ट सांगून मी आयुष्यभर लोकांना हसवलं. आत कोण आहे ते न पाहण्याची पाळी माझ्यावरही येईल, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दिवाळी अंकात वाचकांना हसवावं हे खरं, पण लिहायला बसलो की त्या पाळीचीच गोष्ट पुढे येते. तेव्हा ती सांगून मोकळा होतो.

आमच्या धंद्यातला जुना वैरी म्हणजे लाळखुरकूत. जनावर तापतं, तोंडातून तारेसारखी लाळ लोंबते, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात. फोड फुटले की जिभेचं कातडं हातात सोलून येतं. मोठं जनावर बहुधा मरत नाही, पण खाता येत नाही, चालता येत नाही, दूध आटतं. लहान वासरं मात्र दगावतात. विषाणूचा आजार असल्यामुळे त्यावर नेमकं औषध नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्याने तोंड धुवायचं, खुरं स्वच्छ ठेवायची आणि वाट पाहायची. खरा उपाय एकच, आधी लस टोचून ठेवणं. म्हणून वर्षातून दोनदा आम्ही बर्फाची पेटी घेऊन गावोगाव आणि तांड्यातांड्यांवर हिंडायचो.

लशीला लोकांचा, विशेषतः बायांचा, विरोध असे. लस टोचली की दुभत्या गाईचं दूध दोन-तीन दिवस कमी होतं, हे खरंच आहे. त्यामुळे आमची गाडी दिसली की तांड्यावरच्या दुभत्या गाई टेकडीमागे चरायला जायच्या आणि खोड्यात फक्त भाकड जनावरं हजर व्हायची. खोडा म्हणजे चार लाकडी खांबांची चौकट. जनावर आत उभं केलं की त्याला इकडे-तिकडे होता येत नाही. टोचून झालं की आम्ही पाठीवर निळीचा पट्टा ओढायचो, म्हणजे तेच जनावर पुन्हा टोचलं जाऊ नये.

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर धुरपताबाई नावाची बाई होती. दोन तांबड्या गाई, एक बैलजोडी, आणि दिवाळी झाली की नवऱ्यासोबत गाडीबैल घेऊन ऊस तोडायला जाणं, असा तिचा वर्षाचा क्रम. माझ्या वयाचीच असेल. एका वर्षी तिने भाकड गाय आणली, टोचून नेली, नाल्यावर जाऊन नीळ धुतली आणि तीच गाय अर्ध्या तासाने 'दुसरी तांबडी' म्हणून पुन्हा खोड्यात उभी केली. तुटकं शिंग पाहून वामनरावांनी ओळखली. तांडा पोट धरून हसला, मीही हसलो, तीही पदर तोंडावर धरून हसली. ही गोष्ट मी पुढे बैठकांमध्ये, लग्नांमध्ये, दवाखान्याच्या ओट्यावर, कितीतरी ठिकाणी रंगवून सांगितली. सांगून सांगून माझ्या मनात धुरपताबाई म्हणजे नीळ धुणारी बाई, एवढंच उरलं.

त्यानंतर काही वर्षांनी जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारायचं काम सुरू झालं. त्या तांड्यावर लशीच्या दिवशी आमच्याकडचे बिल्ले मध्येच संपले. उरलेल्या जनावरांना आम्ही टोचलं, नीळ लावली आणि वहीत मालकाचं नाव आणि जनावराचा रंग लिहून घेतला. धुरपताबाईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'तांबड्या गाई, दोन'.

दोन महिनेही झाले नसतील. दसऱ्याच्या आसपास नायकाचा फोन आला. परसराम नायक हा तांड्याचा प्रमुख, शब्दाचा पक्का माणूस. म्हणाला, "डाक्टर, धुरपताची गाय लाळ गाळून राह्यली. लंगडते बी."

मी गेलो. दुभती तांबडी गाय होती, खाली तीन महिन्यांचं वासरू. जीभ धरली तर कातडं माझ्या बोटांना चिकटून आलं. लाळखुरकूत. दुसरं काही असण्याची शक्यताच नव्हती.

आणि त्याच क्षणी मी ठरवून टाकलं. लस टोचलेली गाय अशी सापडणार नाही, म्हणजे ह्या गाईला लस टोचलेलीच नाही. म्हणजे बाईने जुनाच खेळ केला, भाकड गाय दोनदा आणली.

"खरं सांगा बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी भाकड गायच दोन डाव आणली ना तुमी?"

"नाई डाक्टर. त्या वर्षी आणली व्हती, मी नाई कायले म्हनू? या डावानं दोनी गाई आणल्या. हिनं तं वामनरावले लात बी मारली व्हती."

मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांना आठवत नव्हतं. लशीच्या दिवशी त्यांना आठ-दहा लाथा बसायच्या, कोणती कोणाची ते कुठवर लक्षात ठेवणार.

तोवर जिथे सगळ्या तांड्याची जनावरं पाणी पितात त्या हौदाजवळ माणसं गोळा झाली होती. घाबरलेली होती बिचारी. त्यांना धीर द्यावा म्हणून मी जरा मोठ्याने बोललो. "यांच्या गाईला लस नव्हती म्हणून रोग आला. तुमच्या जनावरांना लस आहे, काही होत नाही. ही गाय तेवढी हौदावर येऊ देऊ नका. बाकीची नेहमीसारखी सोडा."

सगळ्यांनी धुरपताबाईकडे पाहिलं. ती गाईचा कासरा धरून घराकडे गेली. त्या दिवसापासून तिच्या जनावरांना हौद बंद झाला आणि ती नाल्यावरून डोक्यावर हंडे आणून त्यांना पाणी पाजू लागली. हे मला नंतर समजलं.

पाचव्या दिवशी नायकाची बैलजोडी लाळ गाळू लागली. त्या दोघांच्या कानात पिवळे बिल्ले होते, मी स्वतः टोचलेले. पाठोपाठ आणखी तीन दावणी. सगळी लसवाली जनावरं, माझ्या शब्दावर मोकळी सोडलेली, एकाच हौदावर पाणी प्यायलेली. धुरपताबाईच्या बैलांच्या खुरांतही फोड आले.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जिभेवरच्या ताज्या फोडांचं कातडं कापून ग्लिसरीनच्या बाटलीत घातलं, बाटली बर्फात ठेवली आणि प्रयोगशाळेला पाठवून दिली. पहिल्या दिवशी पाठवायची गरज मला वाटली नव्हती, कारण उत्तर माझ्याकडे तयार होतं. नियम सांगतो की लस असो वा नसो, नमुना घ्या आणि सगळी जनावरं वेगळी बांधा. पाच दिवसांत किती दावणी वाचल्या असत्या याचा हिशोब मी कधी केला नाही. करवला नाही.

वासरू त्याच आठवड्यात गेलं. आदल्या सांजेपर्यंत उड्या मारत होतं, सकाळी आचळाशी तोंड लावलं आणि तिथेच कोसळलं. मी बांधावर त्याचं शवविच्छेदन केलं. ह्या आजारात लहान वासरांचं हृदय सडतं. लाल स्नायूवर पिवळट पांढरे पट्टे उमटतात. पुस्तकात त्याला वाघाचं हृदय म्हणतात. धुरपताबाई शेजारी बसून होती. बायका सहसा अशा वेळी थांबत नाहीत, ती थांबली.

"दाखवा मले," ती म्हणाली. मी दाखवलं. तिने ते छोटं हृदय बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "डाक्टर, मी आणली व्हती गाय."

तोवर मलाही ते समजलं होतं. नायकाच्या बैलांना लस असून आजार झाला, तर तिच्या गाईलाही लस असून होऊ शकतो, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. पण मी मान खाली घालून हात धुतले. वामनरावांनी खड्डा खणला, चुना टाकला. 

पुढचे दोन आठवडे मला वेगळ्याच भीतीने ग्रासलं होतं. लस गरम झाली की मरते. माझ्या पेटीतला बर्फ त्या दिवशी वितळला होता का? दवाखान्याचा फ्रीज बंद पडला होता का? मी वह्या चाळल्या, वामनरावांना चारदा तेच विचारलं. अखेर प्रयोगशाळेचं पत्र आलं. विषाणू ओळखीच्याच जातीचा होता, पण लस ज्या विषाणूपासून बनवली त्याच्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. विषाणू बदलला होता. म्हणजे बर्फाची चूक नव्हती, माझी नव्हती. त्या दिवशी मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

पत्र पुरतं समजेना म्हणून मी प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी न कंटाळता समजावलं. आमच्या कॉलेजाच्या काळात हे इतकं उलगडलेलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, विषाणूच्या कवचावर प्रथिनाचा एक फास बाहेर आलेला असतो, सैल, हलता. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. ह्या फासातले मणी सतत बदलत असतात, त्याच्याइतकी बदलणारी जागा विषाणूत क्वचितच दुसरी असेल. लशीमुळे गाईच्या रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात, ती मुख्यतः हाच फास पाहून विषाणूला ओळखतात. मणी बदलले की त्यांची ओळख चुकते.

मी विचारलं, "मग एवढं बदलूनही तो गाईच्या जिभेला बरोबर कसा चिकटतो? जीभ तर बदललेली नाही."

"तीच तर मजा आहे सर," त्या म्हणाल्या. "फासाच्या टोकाला तीन मणी असतात. आर्जिनीन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल, ह्याच क्रमाने. ते जवळजवळ कधीच बदलत नाहीत. जिभेच्या आणि खुराच्या पेशींवर एक प्रथिन असतं, ते ह्या तीन मण्यांना धरतं. आजूबाजूला काहीही बदला, हे तीन जागेवर पाहिजेत. ते बदलले तर विषाणूला आत शिरता येत नाही."

"मग लशीने त्या तिघांनाच का ओळखू नये?"

"प्रतिपिंडाचं पाऊल मोठं असतं. तीन मण्यांवर बसलं तरी ते आजूबाजूच्या मण्यांवर पडतंच. ते बदललेले असले की पाऊल घट्ट बसत नाही. शिवाय हेच तीन मणी गाईच्या स्वतःच्या प्रथिनांतही सापडतात. नुसत्या त्यांनाच शत्रू म्हणणं शरीराला परवडत नाही."

फोन ठेवला आणि मला बैलगाडीची शिवळ आठवली. जुवाच्या भोकात आपण जी लाकडी खुंटी घालतो, ती शिवळ. तिच्या डोक्यावर सुतार काय वाट्टेल ते नक्षीकाम करो, कोणी गोंडा बांधो, कोणी रंग देवो. पण भोकात जाणारा भाग जुवाच्या मापाचाच लागतो, नाहीतर गाडी जुंपता येत नाही. लस डोकं पाहून ओळखणारी होती. डोकं बदललं, तिने जाऊ दिलं. भोकात जाणारं लाकूड तेच होतं.

आता खरं तर दुसऱ्याच दिवशी तांड्यावर जाऊन हे सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. मनाशी कारणं मांडली. लस फसली असं मीच म्हणालो तर पुढच्या खेपेला कोण जनावर आणेल? इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या आड मी लपलो होतो, हेही तितकंच खरं. तोवर दिवाळी झाली आणि धुरपताबाई नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघून गेली. बैलांची खुरं बरी झाली नव्हती, म्हणून त्या वर्षी त्यांची गाडी गेली नाही. नवरा-बायको इतरांच्या मागे ट्रकमध्ये उभी राहून गेली, असं नायकाने सांगितलं. वर हेही सांगितलं की हौदावरून बायका तिला जाताजाताही बोलल्या. माझा शब्द होता ना, डॉक्टरचा.

चैत्रात पुढची खेप आली. लस ह्या वेळी बदललेल्या विषाणूवरून बनवलेली होती. वरिष्ठांनी प्रयोगशाळेची पत्रं पाहिली होती. आम्ही खोडा मांडला आणि बसून राहिलो. दहा वाजले, अकरा वाजले. एक जनावर आलं नाही. माणसं मात्र आली, हौदाच्या कठड्यावर बसली, बिड्या ओढत आमच्याकडे पाहत राहिली.

"लस घेऊन बी जनावर पडते, तं कायले टोचाव?" नायक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

धुरपताबाई ऊसतोडीहून परतली होती. बायांच्या मागे, कुडाच्या सावलीत उभी होती. मी उठलो. ज्या जागेवरून तेव्हा बोललो होतो त्याच जागेवर उभा राहिलो आणि तितक्याच मोठ्याने बोललो.

"मागच्या खेपेला धुरपताबाईने दोन्ही गाई आणल्या होत्या. मी खोटं बोललो. तिच्या गाईला लस होती. रोगाच्या विषाणूने तोंड बदललं, लशीने त्याला ओळखलं नाही. माझं ऐकून तुम्ही जनावरं मोकळी सोडली. तो दोष तिचा नाही, माझा आहे."

मग मी नायकाच्या गाडीची शिवळ काढून आणली आणि सगळं समजावलं. वरचं डोकं कसं बदलतं, भोकातला भाग कसा तोच राहतो. त्यांना ते मला समजलं त्याच्यापेक्षा लवकर समजलं. गाडी जुंपण्यात जन्म गेलेली माणसं ती. नव्या लशीत ते नवं डोकं घातलंय, हेही सांगितलं. आणि पुन्हा कधीतरी ते बदलेल, तेव्हा लस असली तरी जनावर लाळ गाळू लागलं की आधी वेगळं बांधायचं, मग मला बोलवायचं, हेही.

 मग धुरपताबाई पुढे आली.

"डाक्टर, त्यानं तोंड बदललं म्हून लशीले नाई वयखलं. ते समजलं मले. पन माहं तोंड तं तेच व्हतं. तुमी वीस वर्सापासून पाहून राह्यले. तुमी काहून नाई वयखलं?"

ती ओरडली नाही. खरोखर विचारत होती, एखादी न समजलेली गोष्ट विचारावी तसं.   मी एवढंच म्हणालो, "चुकलं माझं, बाई."

ती वळली आणि घराकडे गेली. मला वाटलं, संपलं. वामनराव पेटीचं झाकण लावू लागले. तेवढ्यात ती कासरा धरून परत आली, मागे ती दुभती तांबडी गाय. गाईला तिने स्वतः खोड्यात घातलं, नाकपुड्यांत बोटं घालून मान वर धरली आणि म्हणाली, "टोचा."

मी टोचलं. गाईने वामनरावांना लाथ मारली. ह्या वेळी त्यांनी ती नीट लक्षात ठेवली, निवृत्त होईपर्यंत सांगायचे. नायक उठला आणि आपले बैल आणायला गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले.

मी सवयीने निळीच्या डब्यात कुंचला बुडवला आणि गाईच्या पाठीकडे हात नेला. धुरपताबाईने गाईच्या पाठीवर आपला तळवा ठेवला.

"रंग नका लावू, डाक्टर," ती म्हणाली. "मी सांगून राह्यली ना, हिले टोचली म्हून."

मी कुंचला डब्यात परत ठेवला.